डबल खाडा

मराठी घराच्या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका नीट पाहिली, तर तिथी-सणांच्या जोडीने तिच्यावर एक छोटेसे मस्टरही सापडते. दुधाच्या नावाने फुल्या, पेपरवाल्याच्या नावाने टिंबे, कामाला येणाऱ्या मावशींच्या नावाने गोल. महिनाअखेरीला हिशेब होतो : या महिन्यात तीन खाडे. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की तो कोणाच्या बाजूने बोलतो हे लक्षातही येत नाही. माणूस आला नाही, एवढेच तो सांगतो. का आला नाही, हे लिहायला त्या चौकोनात जागा नसते.

मुंबईच्या गिरण्यांत या शब्दाचा एक थोरला भाऊ होता, ‘डबल खाडा’. कामगार एक दिवस आला नाही, तर पगार दोन दिवसांचा कापायचा. एक दिवस न केलेल्या कामाचा आणि दुसरा केलेल्या कामाचा. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत अनेक गिरण्यांत ही रीत राजरोस चालू होती, आणि १९३६ च्या वेतन कायद्याने अखेर बजावले की गैरहजेरीपोटी गैरहजेरीच्या प्रमाणातच पैसे कापता येतील. त्याच कायद्यात एक खिडकी मात्र उघडी ठेवली होती. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सूचना न देता, गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल. एकट्याचा डबल खाडा गेला. दहा जणांचा आठपट झाला.

वरिष्ठ कसा वागतो आणि त्यामुळे हाताखालची माणसे कशी वागतात, या विषयावर आज व्यवस्थापनाची कपाटे भरतील इतके लिहून झाले आहे. अमेरिकेत आयोवा येथे १९३९ च्या सुमारास कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेला प्रयोग त्यात हमखास येतो. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचे काम ढेपाळे, विचारून काम देणाऱ्याच्या गटाचे चालू राही. प्रयोग चांगलाच आहे. पण हाच प्रयोग परळ-लालबागच्या गिरण्यांत तोवर ऐंशी वर्षे चालू होता, मुलांवर नव्हे तर लाखभर प्रौढांवर, आणि त्याची टिपणे ठेवली जात होती ती मस्टरात, खाड्यांच्या रूपाने.

कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी ताडदेवला १८५६ साली चालू झाली. यंत्रे लँकेशायरची, ती बसवणारे आणि खाती सांभाळणारे तंत्रज्ञही बऱ्याच अंशी तिकडचेच. कामगार रत्नागिरी, सातारा, घाटमाथ्यावरून आलेले. साहेबाला मराठी येत नाही, कामगाराला इंग्रजी येत नाही, आणि मालकाला दोघांच्याही भाषेत फारसा रस नाही. त्याचा जीव सुताच्या भावात. या तिघांच्या मधल्या पोकळीत जो उभा राहिला तो जॉबर.

जॉबर हा कागदोपत्री मुकादम होता, पण गिरणगावात त्याची सत्ता खात्याच्या दाराशी संपत नसे. माणूस कामावर घ्यायचा तो त्याने, काढायचा त्याने, बदलीवाल्याला सकाळी दारातून आत बोलावायचे त्याने. रजेवरून परतलेल्याला साचा परत मिळतो की नाही, हेही त्याच्याच हातात. त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे. नोकरी लागताना एकदा आणि मग पगारागणिक थोडी थोडी. पुष्कळदा तोच व्याजाने पैसे देई, तोच चाळीत खोली मिळवून देई, कधी त्याच्याच नातलगाची खानावळ असे. रीळखात्यात आणि वाइंडिंगमध्ये बायका काम करीत. तिथे जॉबरच्या जागी नायकीण असे, आणि तिचे दस्तुरीचे गणित वेगळे नव्हते.

जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आधी भरी. त्यामुळे खात्यांना जातींचे रंग चढले. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त मजुरीच्या खात्यात, प्रवेशच नव्हता. कारण सांगितले जाई ते असे की धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते, मग विटाळ होतो. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मालकांपुढे आणि कामगार पुढाऱ्यांपुढेही रोखठोक मांडला. खात्याचा प्रमुख कोण आणि तो कोणाला आपला मानतो, यावर माणसाची रोजी कशी ठरते, याचे याहून उघडे उदाहरण शोधावे लागणार नाही.

एवढे वाचून जॉबर हा खलनायक ठरवणे सोपे आहे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी ते सोपेपण मोडून काढले. त्यांनी दाखवले की जॉबरही दोन दगडांमध्ये भरडला जाई. माणसे राखता आली नाहीत तर मालकाच्या लेखी त्याची किंमत शून्य, आणि माणसे राखायची तर त्यांच्या अडीअडचणीला उभे राहावेच लागे. चाळीत, आखाड्यात, गणपतीच्या वर्गणीत त्याचा वावर असे तो यासाठी. म्हणून जॉबरला काढले की कधी कधी अख्खे खाते त्याच्यामागे बाहेर पडे. मालक चकित होत. आपल्या गिरणीत, आपल्या पगारावर काम करणारी माणसे आपल्याला सोडून एका मुकादमामागे जातात याचा त्यांना राग येई. त्यांच्या लेखी हा हिंदी मजुराच्या स्वभावाचा दोष होता.

या ‘स्वभावा’बद्दल त्या काळी जे लिहिले गेले ते आज वाचताना मौज वाटते आणि वाईटही. मजूर आळशी आहे, गावाकडे पळतो, कारखान्याची शिस्त त्याच्या अंगी लागत नाही, विडी ओढायला आवारात तास-तास रेंगाळतो. यातली निरीक्षणे खोटी नव्हती. तो रेंगाळत असे. पण दिवस किती तासांचा होता? दिवे येईपर्यंत उजेड तेवढे काम, दिवे आल्यावर तेरा-चौदा तासही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनकडे पाठवले. त्यातल्या मागण्या पाहा. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. जायबंदी झालेल्याला भरपाई. अर्ध्या तासाची सुट्टी मागावी लागते तिथे माणसे ती चोरून घेणार, आणि पगार दोन-दोन महिने अडकवून ठेवला जातो तिथे माणसे सावकाराची, म्हणजे पुन्हा जॉबरचीच, होणार. ज्याला मालक बेशिस्त म्हणत होते, तिच्यातली बरीचशी त्यांच्याच वेळापत्रकातून निपजलेली होती. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. तत्पूर्वी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा झाली होती आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या.

त्याच काळात नागपुरात निराळे काही चालले होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी चालू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या मालखात्यातून आलेले, कापडातले त्यांना ओ की ठो ठाऊक नव्हते. खाड्यांचा त्रास नागपुरातही होता, मुंबईइतकाच. तिथे उपाय मात्र उलट्या टोकाने सुरू झाला. नियमित येणाऱ्यांना बक्षिसे, बक्षिसे देण्यासाठी कुटुंबांसह समारंभ, खात्यात हवा खेळती आणि दमट ठेवण्याची यंत्रे. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ पासून अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी. सरकारला अपघात-भरपाईचा कायदा करायला १९२३ आणि भविष्यनिर्वाह निधीचा करायला १९५२ उजाडले. जमशेटजी भाबडे नव्हते. माणूस टिकला की त्याचा हात बसतो, हात बसला की सूत कमी तुटते, हे त्यांना हिशेबातून कळले होते. फरक एवढाच की खाडा पाहून त्यांनी आधी कारखान्याकडे पाहिले आणि मग कामगाराकडे.

तरीही एम्प्रेस मिलची आरती ओवाळणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांपैकी एक याच गिरणीत, पहिल्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरावरून झाला होता. सवलती येण्याआधी संप आला होता.

किर्लोस्करवाडीची गोष्टही मराठी माणसाला जवळची आहे. औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या, निवडुंगाने भरलेल्या बत्तीस एकर माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसाहत उभी केली आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे राखणदार नेमले. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकत नाही त्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या, हे धाडस होते आणि ते फळले. मला मात्र या सगळ्या मायबाप परंपरेबद्दल एक शंका कायम वाटत आली आहे. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये मांडले की भारतीय कर्मचाऱ्याला माया करणारा पण कामात कडक असा वरिष्ठ मानवतो. आधी आधार, मग हळूहळू स्वातंत्र्य. निरीक्षण म्हणून ते पटते. पण ‘मग हळूहळू’ हा टप्पा आपल्याकडे येतो कधी? मायबाप मालकाच्या तिसऱ्या पिढीतही कामगार लेकरूच राहतो. आणि माया ही धन्याची मर्जी असते. ती धन्याबरोबर जाते.

मुंबईत मायाही नव्हती आणि विचारणाही नव्हती. १९२० नंतर जपानी कापडाने बाजार धरला, तेव्हा मालकांनी ‘कार्यक्षमते’च्या योजना आणल्या. दोन मागांऐवजी तीन माग एकाने पाहायचे, स्पिनिंगमध्येही एकाने जास्त चात्या सांभाळायच्या. योजना तांत्रिकदृष्ट्या अगदी टाकाऊ होती असे नाही. पण सूत कसले देणार, तुटले तर दंड कोणाला, खराब झालेले कापड पूर्वीसारखेच विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करणार का, यातले काहीही साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारले नाही. नोटीस लागली. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला आणि सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. मे महिन्यात स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनचे, लाल बावट्याचे, वर्षअखेरीला पन्नास हजारांवर सभासद झाले. आळशी, गावाकडे पळणारा, एकजूट न जाणणारा तो हाच मजूर.

त्या युनियनने गिरण्यागिरण्यांतून कामगारांनीच निवडलेल्या कमिट्या उभ्या केल्या. तक्रार जॉबरकडे न नेता कमिटीकडे न्यायची. जॉबरांचा तिळपापड झाला, मालकांचाही. आपल्या आणि कामगारांच्या मधे उभा असलेला दस्तुरीखोर त्यांना चालत होता. निवडून आलेला चालत नव्हता. १९२९ चा संप फसला, तशा कमिट्यांतल्या माणसांना वेचून काढण्यात आले.

पुढे मजुरांच्या प्रश्नांवरील व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात सांगितले की माणसे घेणे-काढणे जॉबरच्या हातून काढा आणि त्यासाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा. १९३४ पासून मुंबईत लेबर ऑफिसर दिसू लागले, १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देऊन जॉबरच्या मर्जीला चाप लावण्याचा प्रयत्न झाला, १९३६ मध्ये नागपाड्याला टाटांच्या देणगीतून समाजकार्याची शाळा निघाली आणि तिच्यातून बाहेर पडणारे तरुण कारखान्यांत जाऊ लागले. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. लेबर ऑफिसरचा वेल्फेअर ऑफिसर झाला, त्याचा पर्सोनेल मॅनेजर, आणि पर्सोनेल मॅनेजरचा एचआर. आज ज्या वातानुकूलित खोलीत ‘एंगेजमेंट सर्व्हे’चे फॉर्म भरून घेतले जातात, तिच्या वंशावळीच्या मुळाशी लालबागचा जॉबर बसलेला आहे. तो विभाग निघाला होता दस्तुरी थांबवायला. खातेप्रमुखाने माणसांशी स्वतः बोलावे ही गोष्ट त्यातून वगळली गेली, ती अजून वगळलेलीच आहे.

या सगळ्या काळात एक प्रयोग असा झाला, की त्यावर थोडे थांबायला हवे. जागा अहमदाबाद. १९१८ मध्ये तिथे गिरणी कामगारांनी महागाईपोटी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० वर अडले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन, आणि मधे उपोषणाला बसलेले गांधीजी. त्या लढ्यातून ‘मजूर महाजन’ ही कामगार संघटना उभी राहिली. अंबालालांचे चिरंजीव गौतम साराभाई यांच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ च्या सुमारास स्वयंचलित माग बसवले गेले. माग नवे, कामगार अनुभवी, पण अपेक्षेइतके कापड निघेना आणि खराब माल वाढला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस सल्लागार म्हणून आले.

राइस यांनी जे पाहिले ते कोणत्याही जुन्या साचेवाल्याने एका बैठकीत सांगितले असते. एका शेडमध्ये २२४ माग, त्यांवर २९ माणसे, आणि कामांचे प्रकार बारा. कोणी माग पाहणारा, कोणी बॉबिन भरणारा, कोणी तुटलेला ताणा सांधणारा, कोणी तेल घालणारा, कोणी झाडणारा. प्रत्येकाच्या वाट्याचे माग वेगवेगळ्या संख्येने वाटलेले. त्यामुळे एखाद्या मागावर काही बिघडले तर तो नेमका कोणाचा, हे सांगता येत नसे. विणकराला आपला मदतनीस कोण ते ठाऊक नाही, मदतनिसाला आपला विणकर कोण ते ठाऊक नाही. सगळ्यांचा धनी एकच, सुपरवायझर, आणि तो दिवसभर शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो आहे. कागदावर ही रचना अतिशय शास्त्रशुद्ध होती, प्रत्येकाचे काम मिनिटांत मोजलेले होते.

राइस यांची सूचना साधी होती. ६४ मागांचा एक पट्टा सात जणांच्या एका गटाला द्यावा, त्यांचे त्यांनी पाहावे. पुढचे खरे नवल सूचनेत नव्हते. सूचना कानावर पडताच कामगारांनी आणि खालच्या सुपरवायझरांनी ती उचलली आणि कोणाबरोबर कोण काम करणार याच्या जोड्या आपापल्या जुळवल्या. व्यवस्थापनाची योजना आखून व्हायच्या आधी गट तयार होते. सुरुवातीची धडपड संपली तशी कार्यक्षमता वाढली, खराब कापड घटले. बॉबिन भरणारा रिकाम्या वेळी ताणा सांधायला धावू लागला, कारण आता तो माग ‘आपला’ होता. माग तेच, माणसे तीच, खाते तेच. सुपरवायझरने सांगायचे थांबून पुरवठ्याकडे लक्ष दिले, एवढेच बदलले.

याचा शेवट गोड नाही. संशोधक एरिक मिलर १९७० च्या सुमारास कॅलिकोत पुन्हा गेले, तेव्हा एका साध्या मागांच्या शेडमध्ये गटपद्धत टिकून होती, पण स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये ती झिजत गेली होती. बाजाराचा दाब वाढला, मालाचे प्रकार बदलत राहिले, तसतसे वरून सांगणे पुन्हा सुरू झाले. कामगारांनी गट मोडले नाहीत. वरच्यांना धीर राहिला नाही.

मुंबईत तर तेवढाही प्रयोग झाला नाही. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि कामगारांचे मन उडाले तरी त्याच्याकडेच राहिला. प्रतिनिधीही वरूनच ठरलेला. १९८१ च्या दिवाळीतल्या बोनसवरून कामगार घाटकोपरचे कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या दाराशी गेले ते याच कोंडीतून. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. सामंत धाडसी होते, स्वच्छ होते, आणि सगळा लढा एकट्याच्या शब्दावर चालवणारे होते. मालक मायबाप, युनियन मायबाप आणि बंडखोरही मायबाप, अशा तिहेरी छत्रात वाढलेल्या कामगाराला स्वतः वाटाघाटींच्या टेबलाशी बसायची सवय कोणी लावली होती?

गिरण्या गेल्या. त्यांच्या जागी टॉवर आले आणि त्या टॉवरांतल्या राखणदारांना, सफाईवाल्यांना, लिफ्टमनना कंत्राटदार पुरवतो. त्यांना कोणी कामावर घेतले असे विचारले, तर कंपनीचे नाव नव्हे, माणसाचे नाव सांगतात.

आणि मुकादम? तो दसऱ्यानंतर बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून निघतो. साखर कारखान्याकडून पैसे उचलतो, त्यातून ऊसतोडणीसाठी नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, उचल देतो आणि फडावर नेतो. कारखान्याच्या हजेरीपत्रकावर त्या बाईचे नाव नसते. कारखान्याचा करार मुकादमाशी, मुकादमाची उचल कोयत्यावर. कारखान्याला माणसे हवीत, पण ओळखायला नकोत. हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही तर ती पुढल्या हंगामाला चिकटते. पाळीच्या दिवसांत, तापात, बाळंतपणानंतर बाई उसात उतरली नाही, तर त्या दिवसाचे पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त, तिच्या नावावर चढतात. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी आली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींनी गर्भाशय काढून घेतले होते. रजाच पडू नये म्हणून, असे त्यांच्यातल्या अनेकींनी सांगितले.

मुकादमाच्या वहीत त्या दंडाला वेगळे नाव नाही. तिथेही तो खाडाच.